कडक भाकरीवरचा नेम

हसू नका, पण साठीत मला नेमबाजीचा नाद लागला. विलायतेला परत जाताना गिरणीतला साहेब त्याची हवेची बंदूक मला देऊन गेला होता. दात हलायला लागल्यापासून बायकोची कडक भाकरी चावेना, म्हणून मी तीच लिंबाला टांगून छर्रे मारायचो. महिनाभर एक भोक पडलं नाही. बायको म्हणाली, “रविवारपातुर भोक दिसलं न्हाय, तर बंदूक मोडीत घालते.”

रविवारी शेजारचे करीमभाई लिंबाखाली वाकले आणि ओरडले, “अण्णा, हितं चपटलेल्या छर्‍यांचा ढीग हाय की! सगळे लागलेत, भाकरीनंच परत पाठवलेत!”

मी बायकोकडं वळलो. “बघ! माझ्या दातांचं काय होत असंल?”

ती शांतपणे म्हणाली, “व्हय, नेम लई सुधारला की तुमचा.”