काकांच्या लॅपटॉपची बिजागरी

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे... म्हणजे बरेचसे शब्द. थोडे माझे आहेत, पण ते कुठले ते तुम्हाला कळायचं नाही. तर आमचे काका. एकटा जीव, दोन खोल्या, खुर्च्या मात्र चार! हौसेनं नवा लॅपटॉप घेतला, इतका पातळ की टेबलावर ठेवला की हुडकावा लागायचा. आणि थोड्याच दिवसांत उघडायला जातात तर कट्ट! बिजागरी हातात, पडदा मांडीत! हल्लीचा माल, दुसरं काय!

वॉरंटीत होता, म्हणून कंपनीचा दुरुस्तीवाला घरी आला. बसला, चहा प्यायला, म्हणाला, "काका, जेवलात का?" अहो, काकांनी लगेच दुसरा चहा टाकला! बिजागरी बसवून जाताना तो म्हणतो, "चार्जिंगचं तोंडही ढिलं झालंय, पण आमच्यात एका तक्रारीला एकच पार्ट. पुन्हा फोन करा हं."

पुन्हा! मग काय, आधी चार्जिंगचं तोंड. मग एंटरचं बटण उडालं. शेजारचंही हलत होतं, पण काका चिडीचूप... ते पुढच्या खेपेला! शेजारी म्हणाले, "फसवलं हो तुम्हाला!" काका म्हणतात, "हल्लीचा माल, दुसरं काय!" आणि चेहरा असा, जणू नातू झालाय!

आणि घात झाला. कंपनीतल्या बाईंचा मधात घोळलेला फोन: "सर, त्रासाबद्दल क्षमस्व! तुमच्या लॅपटॉपच्या बदल्यात आमचं जुनं, दणकट मॉडेल देतोय. ते कध्धीच बिघडत नाही!"

"कधीच? म्हणजे... वर्षातून एखाददा तरी?"

"नाही सर, अगदी निश्चिंत राहा!"

निश्चिंत! आला तो धोंडा. काकांनी आपटून उघडला, आपटून मिटला, शेवटी "चुकून" कोपर लावून टेबलावरून पाडला. लादी फुटली! लॅपटॉप आपला गार... पासवर्ड मागतोय!

काकांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला, "अरे, सहज ये की."

"काका, तक्रार नसली की साहेब सोडत नाहीत हो..."

मग लादीवाल्याला बोलावलं. आला, लादी बसवली, "ओल्यावर चालू नका" म्हणाला आणि चहा न घेता गेला. ती लादीही मेली पक्की बसली, हलायचं नाव नाही!

तर काढा आता. फुकट ऐकलंत का? छे, पैसे नकोत हो! वॉरंटीतला एखादा मोडका लॅपटॉप असेल तर काकांसाठी द्या... नवाकोरा असला तरी चालेल. हल्लीचा माल, मोडेलच की!