दूधसागरला आलेली चिठ्ठी

(सप्टेंबर १९८६. दूधसागर धबधब्याजवळ रेल्वेरुळाच्या कडेला गँगमनांची पडकी खोली. नुकताच निवृत्त झालेला गँगमन मायाप्पा, त्याची बायको तानीबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी पारू.)

तानीबाई — तुम्ही दोघं जावा पुढं. मी हितंच बसते.

पारू — असं काय करतेस गं आई? बेळगावातनं निघालो, लोंढ्याला गाडी बदलली, पाठीवर एवढा बोजा घेऊन रुळावरनं चालत आलो. आणि आता धबधब्याकडं पाठ करून बसणार?

तानीबाई — धबधबा तुला बघायचाय. मला ही खोली बघायची व्हती. बावीस वर्सं झाली.

पारू — ह्या खोलीत काय आहे? पावसाळ्यात आप्पा इथं राहायचे, एवढंच ना?

तानीबाई — हितंच बसलं व्हतं तुजं आप्पा, हातात चिठ्ठी घिऊन. आनि मी तकडं मच्छे गावात खाटंवर दाराकडं बघत पडलेली.

मायाप्पा — तानी, पोरीम्होरं कशाला आता?

तानीबाई — पोर काय ल्हान न्हाय. पारू, तुज्या आदी एक ल्योक झालता मला. रडलाच न्हाय. तुज्या देवाप्पामामानं त्याच दिशी चिठ्ठी लिवली, लोंढ्याला जाऊन गार्डाच्या हातात दिली. हे आलं चवथ्या दिशी. तवर मामानंच त्याला मातीत ठेवलं व्हतं.

पारू — पण दरड पडली होती ना? आप्पा नेहमी सांगतात.

तानीबाई — दरड एका दिसात काढलीती. त्या गार्डानंच मामाला सांगितलं. चिठ्ठी ह्यांच्या हातात दिली म्हणाला. आनि चिठ्ठी घिऊन तुमचा माणूस हासला, असं बी म्हणाला.

मायाप्पा — हासलो व्हतो. खरं हाय.

पारू — आप्पा!

मायाप्पा — मला वाचाय कुठं येत व्हतं गं तवा?

तानीबाई — मग कुणाकडनं तरी वाचून घ्यायची.

मायाप्पा — गँगमदी वाचणारा एक मुकादम नागोजी, त्यो रजेवर गेलता. टेसनात मास्तराला दावली असती, पर गरजच वाटली न्हाय. तुजं दिस भरलेलं. घरनं चिठ्ठी आली. दुसरं काय लिवलेलं असणार? गार्ड जाता जाता कायतरी वरडला. ह्या पाण्यात ऐकू कुठलं येतंय? मी आपला हात हालवला.

तानीबाई — मग?

मायाप्पा — मग... चहाचा गूळ व्हता डब्यात, सगळ्या गँगचा. त्यो वाटला.

तानीबाई — काय केलं?

मायाप्पा — गूळ वाटला. ल्योक झाला म्हून. परशराम, रवळू, समद्यांस्नी. दोन दिस बिनगुळाचा च्या प्यालो आमी, पर कुणी कुरकुरलं न्हाय. रजा आत्ता नगं, बारशाला मागू म्हटलं.

पारू — आणि मुकादम आल्यावर?

मायाप्पा — तिसऱ्या दिशी सांजला आला. त्याच्यासाठी एक खडा राखला व्हता, त्यो दिला. त्यानं तोंडात टाकला आनि म्हणाला, बघू चिठ्ठी. वाचली. मग गूळ भाईर थुकला. म्हणाला, मायाप्पा, खाली बस.

पारू — म्हणून मी पहिलीत असताना माझ्या पाटीवर अक्षरं गिरवत बसायचात?

मायाप्पा — व्हय.

तानीबाई — मला का सांगितलं न्हाईसा? बावीस वर्सं तुमच्या पुढ्यात ताट ठेवताना मनात एकच. ह्यो माणूस हासला.

मायाप्पा — काय सांगू? तिकडं तुजा भाऊ त्याला मातीत ठेवत व्हता आनि मी हितं गूळ वाटत व्हतो, हे? त्यापरीस दरड बरी वाटली. रेल्वेवर राग धरशील, म्हटलं. तुला सोसंल का न्हाय ते म्हायीत न्हाय, मला सांगाय सोसलं न्हाय बघ.

पारू — आप्पा, रडू नका ना.

तानीबाई — रडू दे त्यांस्नी. तू जा, पाणी बघून ये जा.

पारू — मी इथंच थांबते.

तानीबाई — अवं.

मायाप्पा — हां.

तानीबाई — म्हंजी दोन दिस त्यो तुमच्यापाशी जित्ता व्हता.

मायाप्पा — ...व्हय.

तानीबाई — मला घटकाभर बी गावला न्हाय. बायांनी फडक्यात गुंडाळला, तोंड सुदीक धड दावलं न्हाय. बसा की हितं. कसा व्हता, सांगा.

मायाप्पा — काय सांगू, तानी?

तानीबाई — दोन दिस डोळ्याम्होरं असंल की तुमच्या. कसा व्हता?

मायाप्पा — सावळा. तुज्यावानी. केस लई.

तानीबाई — आनि?

मायाप्पा — बोट धरलं की सोडायचा न्हाय.