उणे दोन किलो पाणी

...आणि वर पुतणीने मलाच विचारावं, "काका, मी वरच्या सरांकडे गणित शिकले तर तुम्हाला वाईट नाही ना वाटणार?" वाईट? मला? तुम्हाला सांगतो, मी जळत नाही, मी फक्त नेमकं सांगतो! आणि नेमकंच सांगायचं तर पुढचा प्रकार मी पाहिलेला नाही. गेल्या रविवारी सकाळी, चादरीच्या घड्या घालता घालता, वहिनीने सांगितला. चादरीचं एक टोक माझ्या हातात, त्यामुळे पळताही येईना!

मिश्रणाची गणितं पुतणी पहिल्यापासून माझ्याकडे शिकायची. अज्ञात राशीला क्ष माना, समीकरण मांडा, उत्तर ताडून पाहा... शिस्त! मग वरच्या मजल्यावर तो भाडेकरू आला. माझ्याच विषयाचा, माझ्याच वर्षाचा, केस मात्र... असो. घरात एकच घोष, "वरचे सर कित्ती मस्त शिकवतात!" तो सर, आणि मी काका! मी जळत नाही हं, फक्त नेमकं सांगतो.

म्हटलं, असं गणित घालू की वरच्याची दांडी गुल! दहा टक्के साखरेचं चार किलो पाणी. त्यात साधं पाणी किती मिसळावं, म्हणजे साखर पाच टक्के होईल? फारच सोपं वाटलं, म्हणून पाचाचे वीस केले आणि पुतणीच्या हाती वर धाडलं. ताडून न पाहता. मी! ताडून! न पाहता! अहो, पाणी घालून गोडी वाढते कुठे? क्ष आला उणे दोन!

कोणीही म्हणालं असतं, "तुझ्या काकांचं गणित चुकलंय." मी तर म्हणालोच असतो! पण हा? हा म्हणे टाळ्या पिटत ओरडला, "उणे दोन म्हणजे दोन किलो पाणी काढून टाकायचं! चल, उकळू या!" झालं! पातेलं आमचं, गॅस त्याचा, जिनाभर वाफ, इमारतीतली सगळी पोरं गोळा, आणि वरून आरोळी, "इतकं सुंदर गणित घातलं कोणी?"

"माझ्या काकांनी!"

वहिनी म्हणते, "भावजी, केवढं कौतुक झालं हो तुमचं!" कौतुक! चुकीचं! आणि तेही त्याच्या तोंडून! आता पुतणी रोज येते माझ्याकडे, नाही असं नाही... "काका, असंच एखादं घाला ना, वर न्यायला!" मी जळत नाही, मी फक्त... जाऊ द्या.

एक गोष्ट मात्र अजून ताडून पाहता आलेली नाही. चूक त्याच्या लक्षातच आली नव्हती, की लक्षात येऊनही त्याने पोरीसमोर माझी लाज राखली? काल सरळ विचारायलाच जिना चढलो. त्याने हसून दार उघडलं, "या, या!" म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर...

"ते... आमचं पातेलं देता का?"