आजीचा खलबत्ता

शफीका : दुसरी रेघ मला काही दिसत नाही.

इन्साफ : चष्मा लावा, शफीकाताई.

शफीका : लावलाय.

इन्साफ : मग पुसा. दोन रेघा आहेत. एक ठळक, दुसरी त्याहून ठळक. कोरोना झालाय तुम्हाला.

शफीका : तुझी पट्टीच खराब आहे. चार डोस घेतलेत मी. चौथा तर तूच टोचलास, याच खुर्चीत.

इन्साफ : टोचला ना. दोन आठवड्यांनी रक्तातल्या अँटीबॉडी मोजल्या, तर अख्ख्या इस्पितळात तुमचा आकडा सगळ्यांत वरचा. तो कागद पोरगं बोर्डात आल्यासारखा मिरवलात. अलेक्झांड्रियात दाखवायचा राहिला तो फक्त ट्रामच्या ड्रायव्हरला.

शफीका : त्यालाही दाखवला. डॉक्टर बहगतांचा आकडा माझ्या निम्मासुद्धा नव्हता.

इन्साफ : त्याला सात महिने झाले. आकडा उतरत जातो हे तेव्हाच सांगितलं होतं. तुम्ही कागदाचा फोटो काढत होतात.

शफीका : मग कशाला टोचून घ्यायचं, लागण व्हायचीच असेल तर?

इन्साफ : पहिले दोन-तीन महिने लागणही बरीच अडते. पुढे ढिलं पडतं ते. पण जिवावर बेतू द्यायचं नाही, हे काम लस त्याहून पुष्कळ दिवस करते. पहिल्या साली आपल्याच किती जणी खाटेवर होत्या?

शफीका : अकरा. मी सातव्या खाटेवर.

इन्साफ : चमचा उचलला तरी धाप लागायची तुम्हाला. मी भरवायचे. आता या महिन्यात चौदा जणींना झालाय. खाटेवर एकही नाही.

शफीका : घसा तेवढा खवखवतोय माझा. इन्साफ, ऐक ना. आज संध्याकाळी नातीचा सातवा दिवस आहे, आजीने खलबत्ता वाजवून बाळाला कुणाचं ऐकायचं ते सांगायचा. मास्क लावते, अर्ध्या तासात परत येते.

इन्साफ : सात दिवसांच्या बाळाजवळ?

शफीका : थोरल्या नातवाच्या सातव्या दिवशी मी त्या खाटेवर ऑक्सिजन ओढत होते. खलबत्ता वाजवला दमनहूरच्या विहीणबाईंनी. बाईंनी कानाशी काय सांगितलं देव जाणे, पोरगा अजून कुणाचं ऐकत नाही.

इन्साफ : चार वर्षांचा होईल तेव्हा ऐकेल.

शफीका : हसू नकोस. या खेपेला माझ्या लेकीने, रबाबने, माझ्यासाठी अडवून धरलंय, माझी आईच वाजवेल म्हणून. जीव तुटतो गं माझा.

इन्साफ : मग जा. पण बाहेरच्या नव्या पोरींना आधी सांगून जा, हेडसिस्टर दोन रेघा घेऊन बाळाकडे चालल्यात म्हणून.

शफीका : दुष्ट आहेस.

इन्साफ : तुम्हीच शिकवलंत. रबाब तुमच्या खालच्याच मजल्यावर राहते ना? दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात, म्हणून वांगी तळल्याचा वास येतो अशी तक्रार करत असता.

शफीका : येतोच. मग?

इन्साफ : खलबत्ता कुणाच्या घरी आहे?

शफीका : माझ्या. आईचा पितळी.

इन्साफ : झालं तर. तुमचा आवाज बंद दारातून तीन वॉर्ड ओलांडतो.

(संध्याकाळ. शफीका खलबत्ता घेऊन आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. रबाब एक मजला खाली, बंद खिडकीमागे, हातात चाळणी आणि रिवाजाप्रमाणे चाळणीत बाळ.)

शफीका : निजवलंस नीट? दृष्टीचं मीठ टाकलं?

रबाब : सगळं झालं, आई. खिडकीच्या काचेशी उभी आहे. वाजव.

शफीका : ऐक गं बाळे. आईचं ऐक. बापाचंही ऐक, थोडं. दमनहूरच्या आजीचंही ऐक, मोठी बाई आहे. आणि ही वरची आजी म्हणाली, चार डोस घेतलेत, मला काही होत नाही, तर तिचं मात्र ऐकू नकोस.

रबाब : आई, सगळे हसतायत इथे.

शफीका : ती रडतेय का?

रबाब : नाही. डोळे उघडे टक्क. आई, पुरे आता, दमशील. केव्हाची वाजवतेयस.

शफीका : तेच तर, रबाब. दम लागत नाहीये. थांब, अजून वाजवते.