दाबाखालचं शंखजिरं

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धंतोलीतल्या दवाखान्यात बसले होते. शेजारी वच्छलाबाई, त्यांचा नंबर माझ्या आधी. त्यांच्या सुनेनं, उत्तरानं, नुकताच फोन ठेवला.

"काहून वं, काय झालं?"

"लॅबमधलं मशीन बिघडलं, आई. आत दगड आहे, दाबाखाली तापवत ठेवलेला."

"तो पावडरचा?"

"हो, शंखजिरं. जमिनीखाली खोलवर ते टिकतं की त्यातलं पाणी निघून जातं, तेच पाहून राहिलो ना आम्ही."

"मंग?"

"दाब हळूहळू उतरवावा लागतो. एकदम उतरला तर चुरा होतो, मग काहीच कळत नाही."

"दुसरं कोणी नाही का उतरवाले?"

"गौरांग सर पुण्याला गेले. बाकी कोणाले येत नाही."

"मंग जाय ना."

"तुमचं ऑपरेशन आहे. दगड दुसरा लावता येईल."

"वर्षभर जमून नाही राहिलं, आता जमलं, असं तूच म्हणे."

"म्हटलं होतं."

"मले भेव लागते, खोटं नाही बोलत. तू नसली तर मी आत जात नाही."

"म्हणूनच बसली ना मी."

वच्छलाबाई माझ्याकडे वळल्या.

"ताई, माह्या आधी तुम्ही जाता का? सून तिचं काम करून येते."

"जाते की. सिस्टरला सांगू आपण."

"जाय वं, उत्तरा."

उत्तरा त्यांच्या पाया पडली आणि निघाली.

"तुमच्यासंगं कोणी आलं का, ताई?"

"नाही."

"मंग पर्स माह्याजवळ द्या. मी इथंच आहो."