दवाखान्यासमोरची खोली

…नाही, पण सोयीची जागा म्हणजे कोणाच्या सोयीची, हे तं कोणी आधी ठरवतच नाही ना. तुमाले सांगतो, नागपूरसारख्या शहरात खोली कुठं घ्याव ते साऱ्या दुनियेले समजते, फक्त ज्याले खोली घ्याची असते त्याले सोडून. मी लाखांदूरले कपडे शिवणारा माणूस. मले बाहीचं माप समजते, कॉलर समजते, बेलबॉटमचा घेर किती ठेवाव ते समजते, पण एवढ्या मोठ्या शहराचं माप कुठून घ्याव, खांद्यावरून का कमरेवरून, ते मले कोण शिकवन? अन् जो तो म्हणते, देवाजी, काही टेन्शन घेऊ नको गा, सोयीची जागा पाहा.

आता हे काही हौसेचं राहणं नव्हतं, ऐका. सत्यभामा, माझी बायको. आमचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच गेलं. दुसऱ्या वेळेस सारं बरं होतं, दिवस भरले होते, तं पाऊस असा धरून बसला की उघडाचं नावच घेईना. डॉक्टरनं सांगितलं, बाई अडली हाय, भंडाऱ्याले न्या. यष्टीनं निघालो, साकोलीवरून कारध्यापर्यंत आलो, अन् ड्रायव्हरनं इंजन बंद केलं. पुलावर पाणी. समोर भंडारा दिसून राहिला, घरं दिसून राहिली, घरातून निघणारा धूर दिसून राहिला, अन् मधात वैनगंगा. कारध्याच्या एका बाईनं, गिरजाबाई तिचं नाव, आपली परछी, म्हणजे पडवी, खाली करून देली, चूल पेटवली, जेवढं करता येते तेवढं सारं केलं. पाणी उतरलं, पण तवापर्यंत लेकरू गेलं होतं, अन् आमाले पलीकडं जायाची काही घाई उरली नव्हती.

म्हणून तिसऱ्या वेळेस भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईनं आधीच बजावलं. "या वेळी पावसाआधी नागपूरला जायचं. मोठ्या दवाखान्याजवळ खोली करायची, बाळंतपण होईपर्यंत तिथंच राहायचं. कळा सुरू झाल्या की ताबडतोब पोचता आलं पाहिजे." म्या इचारलं, बाई, जवळ म्हणजे किती जवळ? त्या पुढच्या पेशंटकडं पाहत म्हणाल्या, "सोयीची जागा बघा."

झालं. गावात आलो अन् ज्यानं-त्यानं माझ्यासाठी नागपूर वाटून घेतलं.

भैय्यालालसेठ, कपड्याचे व्यापारी, त्याहीच्याच दुकानाच्या वट्ट्यावर माझी मशीन राहते. ते म्हणतात, "देख देवाजी, तू इतवारीत राहा. पूरा बाजार पायाखाली. अन् बसल्या बसल्या माझे कपड्याचे थान मोटरवर चढवून देत जाशीन, तुझाही टाइम पास होईन." श्यामराव मास्तर म्हणतात, "धंतोली. शांत वस्ती, डॉक्टर लोकांची वस्ती." धंतोलीत मले कोण ठेवते गुरुजी, असं इचारलं तं ते हाताचा खडू झटकाले लागले. अन् माझी माय धुरपता, तिचं आपलं एकच, "यष्टी स्टँडच्या समोर घे रे बाबू. मले वाचता येत नाही. उतरलं का खोली दिसली पायजे." आता मायले काय सांगू, का माये, तुले खोली दिसन पण सत्यभामेले दवाखाना दिसणार नाही. तिघंही बरोबर होते, बरं का. ज्याच्या त्याच्या सोयीनं बरोबर.

मिरगाच्या आधीच निघालो. कारध्याच्या पुलावर गाडी आली तं सत्यभामा खिडकीकडं पाठ करून बसली. 

नागपुरात तिचा मोठा भाऊ भोजराज, मिलमधी कामाले, घर इंदोऱ्यात. त्याले खोलीचं नाव काढलं तं तो जेवता जेवता थांबला. "भाऊजी, माझं घर असताना माझी बहीण भाड्याच्या खोलीत राहीन? वस्तीतले लोक मले काय म्हणतीन?" अन् त्याची बायको शकुनबाई, तिनं तं सत्यभामेचं गाठोडं उचलून आत नेऊनही ठेवलं. खरं सांगतो, त्या घरात सत्यभामा पहिल्यांदा पोटभर जेवली. आजूबाजूच्या बाया आल्या, कोणी तेल घेऊन आली, कोणी लोणचं, एकीनं तं पोटाचा आकार पाहून पोरगी सांगून टाकली. सारं बेस होतं. पण माझ्या डोक्यात एकच, का दवाखाना शहराच्या त्या टोकाले अन् आमी या टोकाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाले न सांगता मी चौकात गेलो. सायकलरिक्षेवाला उभा होता, हिरालाल नावाचा. म्या म्हटलं, दवाखान्यात चाल, पण असा चाल, का मी बाळंतपणाले निघालो असं समज.

त्यानं मले वरून खालपर्यंत पाहिलं. माझ्या मिशा पाहिल्या. म्हणते, "पहिलीच वेळ का, भाऊ?"

म्या म्हटलं, तिसरी.

मंग त्यानं गमछ्यानं सीट पुसून देली. अन् काय सांगू, अशी जपून रिक्षा चालवली त्यानं, खड्डा आला का खाली उतरून ढकले. म्या मनात म्हटलं, चाला, जमते, इतकं काही दूर नाही… अन् मधात रेल्वेचं फाटक लागलं. बंद. कोळशाची मालगाडी, डब्यामागं डबा, डब्यामागं डबा, सरतच नाही. गाडी गेली, मी उठून बसलो, तं फाटकवाला म्हणते दुसरी येऊन राहिली. इकडून सायकली, तिकडून खटारे, मधात एक बैल पाय पसरून उभा, अन् माझ्या पोटात खरंच दुखाले लागलं. हिरालाल मागं वळून म्हणते, "भाऊ, तुमचा चेहरा पांढरा पडला." पडन नाही तं काय. मले फाटक दिसतच नव्हतं, मले कारधा दिसून राहिला होता.

तिथंच ठरवलं. फाटकाच्या पलीकडं राहाचं, भोजराज रुसला तं रुसला.

मंग फिरलो बाप्पा. चप्पल तुटली, चांभाराकडून शिवून घेतली, पुन्हा फिरलो. एका चांगल्या वस्तीत दारावर पाटी लटकून होती, खोली भाड्याने देणे आहे. मालक भला दिसला, बसवलं, पाणी देलं, गाव कोणतं, धंदा कोणता, सारं इचारलं. मंग आडनाव इचारलं. म्या सांगितलं. तं म्हणाले, "अरेरे, खोली कालच गेली हो." मी पायऱ्या उतरलो तवा पाटी मागं तशीच लटकून होती. सोयीची जागा पाहा म्हणतात… अहो, जागेलेही आपली सोय असते.

शेवटी भेटली. कशी म्हणान तं दवाखान्याच्या गेटासमोर. रस्ता ओलांडला का गेट. मालकीण ताराबाई, एकटी बाई, कपाळावर आठी अन् कमरेले किल्ल्या. तिनं आडनाव इचारलं नाही. तिनं इचारलं, "पेशंट कोण?" म्या म्हटलं, बायको, बाळंतपणासाठी. तं म्हणते, "बाळंतपण बरं. नाहीतं इथं सारे मराले टेकलेल्याचेच लोक येतात. एक आधीच सांगून ठेवलेलं बरं, मंग भांडण नको. रडाचं असन तं मागच्या अंगणात रडाचं, खोलीत नाही. भिंती पातळ हायेत, बाजूच्याले झोप लागत नाही."

मले ती खोली इतकी आवडली म्हणून सांगू. खिडकी उघडली का सरळ गेट. विडी पेटवली तं ती सरायच्या आधी माणूस दवाखान्यात. ना पूल, ना फाटक. दुसऱ्याच दिवशी सत्यभामेले घेऊन आलो, भोजराजनं सामान आणून देलं पण चहा घेतला नाही.

अन् मंग सुरू झालं. सत्यभामा जेवेना. एक दिवस वाटलं, जागा नवी हाय. दोन दिवस वाटलं, पाणी बदललं. मंग पाहतो तं तिनं आपलं लुगडं खिडकीवर टांगून देलं. म्या म्हटलं, अवो, उजेड येत नाही. ती म्हणे, "मले उजेड नको." आता त्या खिडकीतून मले दिसे गेट, अन् तिले काय दिसे? खाटेवर आणलेली माणसं. गेटापाशी बसलेल्या बाया. अन् पांढऱ्या कापडात गुंडाळून बाहेर निघणारे. दिवसभर दुसरं काय होतं तिले पाहाले? मी तं बाहेर जाऊन चार लोकांशी बोलू, कोणाचं बटन लावून देऊ. ती त्या खोलीत एकटी.

एका दुपारी ताट तसंच सरकवून म्हणाली, "तुमाले दवाखाना जवळ पायजे होता, तो भेटला. मले माणसं जवळ पायजे. मले कोणी इचारलं का?"

मी भडकलो. म्हटलं, माणसं काय कामाची? कारध्यालेही माणसं होतीच ना…

तुमाले सांगतो, त्या दिवसापासून आमच्या घरात ते नाव कोणी काढलं नव्हतं. अन् ते माझ्याच तोंडून निघालं. तिनं सरकवलेलं ताट उचलून कोपऱ्यात ठेवलं. मंग हळूच म्हणाली, "मीबी होती ना तिथं."

बस, एवढंच.  मी शिवणाऱ्याचा हात घेऊन फिरतो, फाटलेलं सारं जोडतो, पण हे कुठून जोडाव?

डॉक्टर म्हणे, अजून बरेच दिवस हायेत. म्हटलं, ठीक हाय, भावाकडं जाऊन ये, चार घास तं खाशीन. दिवस जवळ आले का परत येऊ. ताराबाईले सांगितलं तं म्हणते, "जा. खोली मी कोणाले देत नाही." अन् पाहा, इंदोऱ्यात पाय ठेवताच ती शकुनबाईच्या हातची भाकर अन् सुक्सी, म्हणजे सुकी मासोळी, अशी जेवली का मी भिंतीकडं तोंड करून बसलो, तिले माझे डोळे दिसू नये म्हणून.

अन् दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, मी शकुनबाईच्या पोलक्याले हूक लावून राहिलो, तं आतून तिचा आवाज आला, "जवाईबापू, रिक्षा आणा." साध्या आवाजात म्हटलं तिनं, पण मले समजलं. पोलकं हातातच घेऊन चौकात धावलो. हिरालाल सीटवर डुलक्या घेऊन राहिला होता. मले पाहून म्हणते, "आज खरी का, भाऊ?" म्हटलं, खरी.

सत्यभामा अन् शकुनबाई रिक्षात, मी बाजूनं धावून राहिलो, भोजराज सायकलनं समोर, घंटी वाजवत, सरका हो, सरका. लोक सरकत होते, बरं का. नागपूरचा माणूस तोंडानं फटकळ, पण वाट देते. अन् मंग जे व्हायचं तेच झालं. फाटक बंद.

मी फाटकवाल्यापुढं हात जोडले. म्हटलं, बाई अडली हाय, उघडा. तो हात झटकून म्हणते, "गाडी सुटली ना तिकडून, कसा उघडू? तुमच्याच अंगावर येईन." बरोबरच होतं त्याचं. मी परत रिक्षापाशी आलो. चाक धरून उभा राहिलो. सत्यभामेचा चेहरा घामानं भिजला होता, ओठ दाताखाली. म्या म्हटलं, माझं चुकलं, तुले तिथून आणालेच नव्हतं पायजे, पुन्हा तसंच होऊन राहिलं, पुन्हा तसंच… मी बडबडून राहिलो, मले थांबताच येईना. तिनं माझं मनगट धरलं. असं धरलं का बांगड्या माझ्या हातात रुतल्या. कळ गेली तवा म्हणते, "अवो, ही नदी होय का? हे फाटक होय. हे उघडते."

अन् उघडलं. हिरालाल असा सुटला का मी मागं राहिलो, भोजराजनं मले सायकलच्या डांडीवर बसवलं, मोठा माणूस मी, मिशावाला, लेकरासारखा डांडीवर. दवाखान्याच्या गेटापाशी पोचलो तं ताराबाई रस्त्याच्या मधात उभी. तिनं दारातून रिक्षा पाहिली होती. कमरेच्या किल्ल्या खणखणत ती आत गेली अन् दोन माणसं अन् स्ट्रेचर घेऊनच बाहेर आली, अन् सत्यभामा दारातून आत गेली, अन् दार लागलं.

मंग मी पायरीवर बसलो. हातात शकुनबाईचं पोलकं, हूक अर्धे लावलेले. भोजराज सायकल धरून उभा, हिरालालही गेला नाही, रिक्षा उभी करून बसून राहिला. किती वेळ गेला मले माहीत नाही. आतून एक आवाज आला, बारीक, मांजरीच्या पिल्लासारखा. मले वाटलं दुसऱ्या कोणाचं असन. आपलं कसं असन? आपल्याकडं तं आवाज येतच नाही. मंग नर्सबाई दारात आली, नाव घेतलं, म्हणाली, "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत."

ताराबाई माझ्या बाजूले बसली अन् म्हणते, "आता रडा. इथं चालते."

तं असं. नाव चंद्रकांता ठेवलं. पावसाळा सरल्यावर लाखांदूरले आणलं. भैय्यालालसेठ म्हणाले, इतवारीत राहिला असता तं इतकी धावपळच झाली नसती. मायनं नातीले मांडीवर घेतलं अन् नागपुरात स्टँड कुठं हाय हे इचारणंच सोडून देलं. मी म्हटलं, आता तरी सारं माझ्या मनानं करू. घरातली हवेशीर जागा पाहिली, जिथं ऊन येत नाही, धूर येत नाही, सत्यभामेले चुलीपासून दिसते, अशी चांगली सोयीची जागा पाहून पाळणा टांगला. पोरगी त्यात झोपत नाही. सत्यभामेच्या मांडीवर झोपत नाही. आजीजवळ तं नाहीच नाही. ती झोपते माझ्या या डाव्या खांद्यावर, अन् मशीनच्या पायट्यावर नुसता पाय ठेवला का डोळे उघडते.

तिनं जागा पाहिली, पसंत केली, राहाले आली, कोणाले इचारलं नाही. म्हणून तुमाले आधीच सांगून ठेवतो, तुमचे सदरे काही दिवाळीपर्यंत होत नाहीत. दुसरा कोणी शिवणारा पाहा… तुमच्या सोयीचा.