गोफणीला ॲप

काढ म्हनलं की काढायचं, कारन कशाला पायजे तुला? पंक्चरवाला इचारतो का, खिळा कुठं घुसला म्हनून? गप पंक्चर काढतो. तू मोबाईलवाला, तू मोबाईलमधलं काढ. हे बघ, हे गोल चित्र — आडवी-उभी रेघ हाय ते. बंदुकीचंच हाय. दात काढू नको! म्हाताऱ्याच्या मोबाईलात बंदुकीचं ॲप असू नये असा कायदा हाय का? आता ऐकल्याबिगर तू काय हात लावनार न्हाईस, दिसतंयच तुझ्या तोंडावर. बरं. ऐक. पर ऐकता ऐकता बोट चालव.

आमच्याकडं बाजरी निघाली की टोळ्या ऊसतोडीला जायच्या आधी गोफनीची पैज लागती. वढ्याच्या पल्याड बाभळीला मडकी टांगायची, वस्तीगनिक एक. आपल्या वस्तीचं मडकं फुटलं की फेटा आपल्याला, आन गावातनं पयली ट्रॉली बी आपल्याच टोळीची सुटती. लई मान असतो त्याला. माझा खांदा चालत हुता तवर फेटा दुसऱ्याच्या डोक्याला कधी लागू दिला न्हाई. खांदा गेला, मग नात तयार केली — राजनंदिनी, आमची राजी. पोरीची नजर अशी — कनसावरचं पाखरू उठतं, कनसाला धक्का न्हाई. पर गेल्या साली तिचा दगड मडक्याला नुस्ता चाटून गेला आन फेटा नेला शेजारच्या वस्तीच्या सूर्यभाननं. सूर्यभान म्हंजी माझा मेव्हना. आमच्या म्हातारीचा सख्खा भाऊ. हे ध्यानात ठेव, पुढं लागंल.

तर यंदा पुतन्या आला, वाल्मिक. मिल्ट्रीतनं रिटायर झालाय. म्हनला, चुलते, आता लांबचा नेम कोन डोळ्यानं धरतं व्हय? मोबाईलला इचारायचं. किती लांब, किती वारं, गोळीचं वजन किती, समदं भरायचं, तो सांगतो कुठं धरायचं. म्हनलं, आमाला गोळी न्हाई बाबा, दगड हाय. म्हनला, चालतंय. चालतंय कसलं! त्याच्यात दगडाचं खानंच न्हाई. मंग वाल्मिकनं दगड दुकानात तोलून आनला आन यादीतली सगळ्यात जाड गोळी निवडली. पुढं इचारलं, वेग किती? आता दगडाचा वेग कुनी मोजलाय? वाल्मिक म्हनला, मी मोटारसायकल पळवतो, राजीनं माझ्या बरोबरीनं दगड सोडायचा, दगड आन मी संगं पोचलो की काट्यावर बघायचं. पोचले की! दोघं एकाच जागी पोचले. हेल्मेटला चीर हाय अजून.

ॲप पर एक नव्हतं, तीन हुती. त्यातलं निवडायचं कोन? घरातला थोरला मी, मीच निवडनार. पयलं फुकटचं. वारं भरलं, लांबी भरली, आता सांगनार म्हनून आमी वाकून बघतोय — तर बाईच उगवली, केसाला तेल लावा म्हनून सांगाया लागली. माझ्या टकलाला! दुसरं तर तोंड उघडायच्या आधीच पैसं मागायचं. आमच्या गावात भगत बी आधी अंगारा देतो. ऱ्हायलं तिसरं. हेच, तुझ्या बोटाखालचं. ह्याच्यात एक गोल तबकडी, आन तबकडीवर बान. वारं बघायचं आन बान बोटानं फिरवायचा, बास. अक्षर वाचायची भानगड न्हाई. मी शाळेत गेलो ते भिंत सारवायला. पर बान? बान तर कुनालाबी कळतो. म्हनलं, हेच घ्या. वाल्मिक म्हनत हुता, चुलते, पयलं बरं हाय, त्यात वारं कुठनं येतं ते सबुदात इचारतंय. म्हनलं, मला सबूद शिकवू नको, ह्या मिशा मी वाऱ्यात पांढऱ्या केल्यात.

पैजेच्या दिशी गाव जमलं. वाल्मिक वढ्यापल्याड मडक्यापाशी हुभा, मोबाईल माझ्या हातात, राजी गोफन घिऊन तयार. मावळतीकडनं वारं सुटलेलं. आता मला सांग, तू कधी खळ्यावर उपनलंय का? न्हाई? मंग तुला काय डोंबल कळनार! आमी पाटी वर धरून धान सोडतो, भुसकट जिकडं जातं तिकडचं वारं म्हनतो. भुसकट उगवतीला चाललं — उगवतीचं वारं. बापानं तसंच शिकवलं, त्याच्या बापानं त्याला. मी बान केला उगवतीकडं, आमच्या डाव्या हाताला. मोबाईल म्हनला, डावीकडं धरा. म्हनलं, राजी, डावीकडं.

पोरगी थांबली. म्हनली, आबा, माझं मन उजवीकडं म्हनतंय. म्हनलं, मनात बान हाय का? — आं? काय बघतोस असा? मोबाईल निवडलाय म्हनल्यावर मोबाईलचंच ऐकाया पायजे का नको? तेवढ्यात बायांच्या घोळक्यातनं आमची म्हातारी वरडली, अवं, बान उलटा धरलाय! मोबाईलला भुसकट कुठं जातं ते न्हाई, वारं कुठनं येतं ते दावायचं असतं! समदं गाव हसलं. आता गाव हसल्यावर मानूस बान फिरवतो का? सांग की! म्हनलं, राजी, मार डावीकडं.

मारला. आन पोरीनं मारला तसा दगड मी जन्मात बघितला न्हाई. सुसाट गेला. डावीकडं. वाऱ्यानं अजून डावीकडं नेला. फाटकन मडकं फुटलं.

सूर्यभानचं.

त्याच्या पोरानं गोफन पिशवीतनं काढली बी नव्हती! पंच म्हनले, मडकं फुटलं ते फुटलं, कुनी फोडलं असं नेमात न्हाई. फेटा सूर्यभानला. वरनं तो राजीच्या डोक्यावर हात ठिवून म्हनतो कसा, लई उपकार झाले पोरी. पोरगी रडली नसती रं — त्या हातानं रडली.

तवापास्नं गोफन खुंटीला. राजी बोलती, पर जेवा म्हनती, चहा घ्या म्हनती, तेवढंच. आता ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं थव्यानं बसत्यात, मी डबडं बडवतो तर माझ्याच अंगावर बसाया बघत्यात. काल म्हनली, आबा, ते मोबाईलमधनं काढा, मंगच मी पाखरं राखाया माळ्यावर चढंन. म्हनून आलोय. ज्वारीसाठी आलोय, दुसरं काय न्हाई.

काय इचारतंय ते? नक्की काढू का? नक्की म्हन त्याला. दोनदा म्हन. गेलं? बान बी गेला? दाव... हां.

काय म्हनलास? माफी मी मागू? कशापायी? वारं बरोबरच हुतं माझं, मोबाईल उलटा हुता. पोरीला काय, जिलबी नेतो. पाव किलो... अर्धा किलो नेतो, घरात अजून एकजन खातंय. पर माफी? माफी मागायची ती सूर्यभानच्या बहिनीनं. खरं बोलली म्हनून काय झालं? चारचौघांत बोलली! दसरा गेला, दिवाळी गेली, अजून आली न्हाई मागायला. आन मोबाईल इकडं. पुन्ना कुनी इचारलं, छगन आबा कुनावर रुसलाय, तर बिनधास्त नाव सांग — केशरबाई.